काजवेबाई आणि अंगी न लागलेलं औषध

या, जरा पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात ना, तुम्हीही या. ही गोष्ट मोठ्याने सांगण्यातली नाही. यात चोरी आहे, पण कुलूप फुटलेलं नाही. ऐवज गेला तो कपाटातून नव्हे, एका जित्याजागत्या माणसाच्या अंगातून. रोज सकाळी त्याला औषध दिलं जाई, आणि अंगात मात्र औषधाचा मागमूस नसे. मधल्यामध्ये गेलं कुठे? चोर कोण ते भगवंताला ठाऊक होतंच. पण तो काही साक्षीला येत नाही. माणसांनाच कामाला लावतो, आणि या खेपेला त्याने लावलं काजवेबाईंना.

एक : न विझलेली नळी

काजवेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. इस्पितळाच्या जिन्याखालच्या खोलीत, खिडकीला काळा पडदा लावून त्या काम करत. साखर आणि लिंबाचं आम्ल पाण्यात कालवायचं, पोलादी भांड्यात कोंडायचं आणि करपेपर्यंत तापवायचं. "घरी करपलं तर बोलणी बसतात, इथे करपलं की पगार मिळतो," असं त्या म्हणत. त्या करपलेल्या पाण्यात कोळशाचे कण राहत, इतके बारीक की धुळीचा कण त्यांच्यापुढे डोंगर. जांभळ्या दिव्याखाली नळी धरली की ते पाणी निळं पेटे, काजव्यांनी भरल्यासारखं. म्हणून हे नाव.

या काजव्यांची एक खोड होती. हृदयाची लय सांभाळणाऱ्या एका औषधाशी त्यांचं मुळीच पटत नसे. रोग्याच्या लघवीचा थेंब टाकावा. औषध असेल तर उजेड विझे, नसेल तर नळी तशीच पेटून राही. हे पाणी त्या एका औषधासाठीच बाईंनी जमवत आणलेलं होतं, आणि त्यात त्यांच्या डोक्याचे केस पांढरे झाले होते.

त्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या डॉक्टरांनी एक बाटली पाठवली. सोबत निरोप : सूचनाकाका काल घराच्या पायरीवर कोसळले, नाडी भरकटली आहे, अंगात औषध आहे का बघा.

सूचनाकाका म्हणजे त्यांचे गुरुवारचे पाहुणे. आयुष्यभर बसस्थानकाच्या भोंग्यावरून सूचना देत आलेला माणूस. बायको गेलेली, लेक दुसऱ्या गावी. खोलीत शिरतानाच घसा खाकरून म्हणायचे, "कृपया इकडे लक्ष द्या. काकांचा नमुना फलाटावर येऊन थांबलेला आहे. प्रवाशांनी धक्काबुक्की करू नये." बाई हसत. आत धक्काबुक्की करायला त्या एकट्याच तर असत.

सुरुवातीला काकांच्या अंगात औषध अगदी हवं तेवढं होतं. "सुटलात काका," बाई म्हणाल्या होत्या, "आता सहा महिने तोंड दाखवू नका." पुढच्या तपासणीत औषध गायब. मग डॉक्टरांनी दर आठवड्याला बोलावलं, गोळीची ताकद वाढवली. तरी तेच.

बाईंनी आजच्या बाटलीतला थेंब टाकला. "विझ रे बाबा, विझ," त्या पुटपुटल्या.

नळी विझली नाही. डोळे वटारून बघावं तशी निळीशार पेटून राहिली.

दोन : पिशवीतली पट्टी

दुपारी काकांची लेक आली. प्रवासाचा शीण चेहऱ्यावर आणि राग आवाजात.

"तुम्हीच का त्या तपासणाऱ्या? मला लिहून हवंय. बाबांच्या अंगात औषध नव्हतं, एवढंच लिहा. बाकीचं पोलीस बघतील."

"पोलीस? कुणासाठी?"

"मावशीसाठी." मावशी म्हणजे काकांना सांभाळायला घरात राहणारी बाई. "मी रोज फोन करते. रोज विचारते, गोळी घेतली का. रोज ती सांगते, घेतली. पट्ट्या रिकाम्या होतात, दुकानातून नव्या येतात. बाबांच्या पोटात नाहीत, तर गोळ्या गेल्या कुठे? तिच्या भावालाही हृदयाचं दुखणं आहे, माहितीये तुम्हाला?"

"एवढ्यावरून माणसाला चोर ठरवायचं?"

"एवढ्यावरून नाही." लेकीने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर आपटली. "ही तिच्या पिशवीत सापडली. कपड्यांच्या घडीत गुंडाळून ठेवलेली."

बाईंनी पट्टी उचलून दिव्याकडे धरली. तेच औषध, तीच ताकद.

"उद्या सकाळी मी चौकीवर जाणार," लेक म्हणाली. "तोवर तुमची सही हवी."

पट्टी टेबलावरच ठेवून ती गेल्यावर खात्याचे साहेब आत डोकावले. "अहो बाई, औषध नाही हे खरं ना? मग करा सही. ते कुणी पळवलं हे शोधणं आपलं काम नव्हे."

साहेबांचं म्हणणं बिनचूक होतं. पण मंडळी, खरं बोलूनही एखाद्याचा गळा कापता येतो, आणि ते बाईंना कळत होतं. त्यांनी पट्टी पुन्हा चाचपली. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली : तिच्यातली एकही गोळी काढलेली नव्हती.

तीन : दुकानदाराचा संताप

"नकली? माझ्या दुकानात?" औषधवाला असा भडकला की काउंटरवरची खोकल्याची बाटली कलंडली. "बाई, माझ्या सासऱ्याला मी हीच गोळी देतो. आणि सासऱ्याने अजून मृत्युपत्र केलेलं नाही. मी नकली देईन?"

बाईंना हसू आलं. "तसं नाही हो. एक गोळी द्या, नजरेखालून घालते. आणि ही पट्टी ओळखता?"

त्याने चष्मा कपाळावर सरकवून पाहिली. "ही मावशीची. मध्ये माल आला नव्हता, तेव्हा काकांना गोळीवाचून राहावं लागलं. मावशीने इथे उभं राहून मला काय झापलं म्हणता! तेव्हापासून एक पट्टी पदरमोड करून हाताशी ठेवते. म्हणते, तुमचा काय भरवसा."

"हे लेकीला सांगाल?"

"सांगितलं की. म्हणाली, तुम्ही तिला सामील. आता काय बोलणार? तोंडाला कुलूप लावून बसलोय."

खोलीत परतून बाईंनी त्याच्याकडची गोळी पाण्यात विरघळवली आणि एक थेंब काजव्यांत सोडला. फुंकर मारावी तसा उजेड गेला. गोळी अस्सल. औषधवाला सुटला.

पण तो सुटला तसा मावशीभोवतीचा फास आणखी आवळला. गोळी अस्सल होती, घरात येत होती, आणि घरात काकांखेरीज एकच माणूस होतं.

चार : कडू गोळी

मावशी स्वयंपाकघरात बसली होती, ओट्यापाशी, पाटावर. पिशवी बांधून शेजारी ठेवलेली. चुलीवर काही नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. "चहा करू का? की माझ्या हातचा चालायचा नाही?"

"करा की. साखर जास्त घाला."

मावशीने वर पाहिलं. बराच वेळ कुणी तिच्याकडे काही मागितलं नसावं, अशा घाईने ती उठली.

"गोळी कशी देता, तेवढं सांगा."

"कशी म्हणजे? तळहातावर ठेवते. पाण्याचा पेला देते. काका तोंडात टाकतात, पाणी पितात. गिळेपर्यंत समोरून हलत नाही मी. मग ताईंचा फोन येतो. घेतली का? घेतली. ठेवते. झालं."

"ताई काकांशी बोलत नाहीत?"

"कधीमधी, सणावारी. रोजचं माझ्याशीच, गोळीपुरतं."

"आणि तुम्ही काकांशी?"

मावशीने आधण उगाच ढवळलं. "मी काय बोलणार? त्यांनी उभा जन्म हजारो माणसांशी बोलून घालवला. माझं बोलणं त्यांना बेचव लागत असेल. ते गॅलरीत बसतात, मी इथे बसते. मधे ती भिंत. भिंतीलाच माझे सगळे किस्से पाठ झालेत बघा."

चहा गोड झाला होता. बाई पीत राहिल्या.

"गोळी घेतल्यावर काका काय करतात?"

"लगेच गॅलरीत जाऊन चूळ भरतात. कडू लागते म्हणतात. गुरुवारी तेवढी चूळ नाही. गुरुवारी पायाला चाकं लावल्यागत निघतात, बस चुकेल म्हणून. मी गोळी दिली, ते पाणी प्याले, की निघालेच; मागून दार मी लावते."

बाईंचा कप ओठांपाशीच थांबला. गोळी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली, तर जिभेला कडू लागायला ती राहते कुठे?

"मावशी, आज कुठे जाऊ नका."

"पोलीस आले तर?"

"त्यांच्या आधी मी येते."

पाच : दोन साक्षीदार, दोन जबान्या

काजवेबाईंच्या फ्रिजात एका कोनाड्यात बारीक कुप्या गोठून पडल्या होत्या. लघवीऐवजी थुंकीवर भागलं तर म्हाताऱ्या माणसांचे हाल वाचतील, असं त्यांच्या मनात होतं. म्हणून दर गुरुवारी काकांकडून दोन्ही नमुने घ्यायच्या. लघवीचा लगेच तपासायचा, थुंकीचा सवडीने. ती सवड कधी झालीच नव्हती.

त्यांनी पडदा ओढला, कुपी हातात धरून वितळवली, थेंब टाकला.

नळी विझली. नुसती विझली नाही, ठार काळी झाली.

दुसऱ्या गुरुवारची कुपी. तीही काळी. तिसरी, तशीच.

"तुमचं पाणी नासलं," साहेब मागून म्हणाले. "एकाच माणसाच्या लघवीत दुष्काळ आणि थुंकीत महापूर? असं कुठे असतं का? अहो, चहा पिऊन आला असेल. चहाही उजेड खातो."

शंका रास्त होती. बाई नुकत्याच मावशीचा चहा पिऊन आल्या होत्या. त्यांनी स्वतःची थुंकी घेतली, थेंब टाकला. काजवे किंचित मंदावले, पण पेटते राहिले. मग वॉर्डातून काकांची आज दुपारची बाटली मागवली. सकाळपासून नर्स त्यांना हेच औषध सुईतून देत होती. त्या थेंबाने नळी विझली, शहाण्या मुलासारखी.

"बघा साहेब. पाणी नासलेलं नाही. औषध शिरेत दिलं की ते अंगात राहतं आणि लघवीत दिसतं. म्हणजे काकांचं शरीर औषध जाळून टाकत नाही. गोळी अस्सल आहे, ती मी विरघळवून पाहिली. राहिली मावशी. तिने गोळी चोरली असती तर काकांचं तोंडही कोरडं सापडलं असतं. तोंडात तर औषधाचा लगदा आहे!"

साहेब दारातल्या स्टुलावर बसले. "म्हणजे मावशीने दिली."

"रोज दिली. तोंडापर्यंत पोचली. घशाखाली उतरली नाही. काका ती जिभेखाली धरून वरून पाणी पीत, आणि मावशीची पाठ वळली की चूळ भरून टाकत. गुरुवारी चूळ भरायला वेळ नसे. गोळी रस्त्यात कुठेतरी थुंकत आणि कडू तोंड घेऊन इथे येत."

"पण का? माणूस आपल्याच जिवावर का उठेल?"

औषध अंगात नसण्यात कुणाचा फायदा? लेकीचा नाही, मावशीचा नाही, दुकानदाराचा तर नाहीच. बाई नळ्या आवरू लागल्या. टेबलापलीकडे एक खुर्ची होती, काकांची. पूर्वी ती खोलीत नव्हती. काका उभ्याने बोलतात म्हणून बाईंनीच वरच्या मजल्यावरून आणवली होती. गुरुवारपुरता एक जादा कपही त्यांनी घरून आणून ठेवला होता.

हात थांबले. औषध अंगात असलं की काका सुटत होते. नसलं की त्यांना गुरुवार मिळत होता.

"सहा महिने तोंड दाखवू नका." हसत हसत कुणी म्हटलं होतं?

बाई त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिल्या. त्यांच्या खोलीवरही संध्याकाळी दार उघडणारं कुणी नव्हतं. गुरुवारची वाट त्याही बघत होत्या. फक्त त्यासाठी त्यांना काही थुंकावं लागत नव्हतं.

सहा : साधा आवाज

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटीच्या वेळेआधीच बाई वॉर्डात गेल्या. काका उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होते.

"अरे, काजवेबाई! आज तर शुक्रवार. वेळापत्रकात बदल?"

"काका, जिभेखाली किती दिवस धरत होतात?"

काकांचं हसू चेहऱ्यावरच सुकलं. उशीचा अभ्रा ते बोटांनी चुरगाळत राहिले.

"कळलं का?" शेवटी म्हणाले. "तुमच्या काजव्यांपुढे कुणाचं काही चालत नाही."

"जीव गेला असता."

"गेला असता. पण बाई, घरी मला दोनच शब्द लागतात. सकाळी 'हो', संध्याकाळी 'नको'. माझा घसा गंजत चालला होता. तुमच्याकडे यायचं म्हणून मी बुधवारी गॅलरीत एकटाच बोलून तयारी करायचो. ती गोळी पोटात गेली की गुरुवार बंद. मग काय करू?"

"यायचं. नुसतंच यायचं. दार उघडंच असतं."

"काम नसताना? तुमच्या कामात मोडता घालायला?" काकांनी मान हलवली. "काम नसताना कुणाच्या दारात उभं राहायला फार धीर लागतो. माझ्यात तो नव्हता. मरायचा धीर मात्र होता, बघा."

बाईंनी दाराकडे पाहिलं. लेक जिन्यापर्यंत आली असेल.

"काका, मावशीवर चोरीचा आळ आलाय. तिने गोळ्या पळवल्या म्हणून. ताई आज चौकीवर निघाल्यात."

काका ताडकन उठून बसले. सुईची नळी ताणली गेली. "मावशीवर? तिने तर... अहो, ती तर उभी असायची समोर. बोलवा. आत्ताच्या आत्ता दोघींना बोलवा. नाहीतर मीच उठतो."

सात : वॉर्डातला न्याय

दोघी आल्या. लेक खाटेच्या उशाशी उभी राहिली, मावशी पायथ्याशी, हातात पिशवी. काकांनी घसा खाकरला, पण भोंग्याचा सूर काही लागला नाही. साधा, खरखरीत म्हातारा आवाज निघाला.

"चोर मी आहे. मावशीने रोज गोळी दिली. मी ती थुंकून टाकली."

लेकीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली आणि थुंकीच्या नळ्यांची हकिगत थोडक्यात सांगितली.

"का बाबा? मला एक फोन नाही करायचा?"

"तू फोन करतेस की रोज. मावशीला. गोळी पोचली का. माझी चौकशी तू कधी केली नाहीस गं, गोळीचीच केलीस." बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. लेक खाटेच्या कडेवर बसली. तिने तोंडाला पदर लावला.

काका मावशीकडे वळले. "मला वाटायचं, तुम्ही लेकीच्या पहारेकरी. म्हणून तुमच्याशी बोलत नव्हतो."

"आणि मला वाटायचं, तुम्हाला माझं बोलणं नकोसं होतं," मावशी म्हणाली. "गॅलरीत तुम्ही, ओट्यापाशी मी. काका, मधली भिंत केवढीशी हो? वीतभर!"

तेवढ्यात नर्स गोळी घेऊन आली. सुई आता बंद, आजपासून तोंडाने, म्हणाली. काका म्हणाले, "मावशींच्या हातून घेतो."

मावशीने पिशवी खाली ठेवली. गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली, पेला दिला, आणि समोर उभी राहिली. काकांनी ती तोंडात टाकली आणि ते पाणी प्याले.

"जीभ वर करा."

काकांनी आज्ञाधारक पोरासारखी जीभ वर केली. खाली काही नव्हतं. नर्स फिसकन हसली, मग बाई, मग रडता रडता लेकही. मावशी तेवढी हसली नाही. तिने पेला घेतला, विसळला, जागेवर पालथा घातला.

"मावशी, माझं चुकलं," लेक म्हणाली. "तुम्ही घरीच राहा. मी पाया पडते."

"पाया नका पडू ताई. राग नाही माझा." मावशीने पिशवी उचलली. "पण तुम्ही माझ्या कपड्यांच्या घड्या मोडून बघितल्यात ना, त्या मला आता त्या घरात घालता यायच्या नाहीत. भावाकडे जाते. काकांशी बोलत जा. त्यांना भोंग्याच्या गोष्टी छान येतात, भिंतीतून ऐकल्यात मी."

ती वॉर्डाच्या लांबलचक व्हरांड्यातून चालत गेली. काका हाक मारायला तोंड उघडून बसले होते. आणि तेव्हा त्यांना कळलं की तिचं नाव आपल्याला ठाऊक नाही. लेकीलाही नव्हतं. बाई धावत रस्त्यापर्यंत गेल्या, पण बसथांबा रिकामा होता.

पुढचं एवढंच, की काका जगले. गोळी गिळू लागले. लेक आता त्यांनाच फोन करते, आणि गोळीचा विषय शेवटी काढते. गुरुवारी ते जिन्याखालच्या खोलीत जातात, नमुना न घेता, आणि कुणी हरकत घेत नाही. देवाने त्यांचं निभावलं.

पण मंडळी, उठण्याआधी एक मागणं आहे. तुम्ही आज घरी जाऊन हात जोडाल, आपल्या माणसांसाठी चार शब्द बोलाल, तेव्हा एक शब्द त्या मावशीसाठी ठेवा. ती निर्दोष ठरली, पण ती कुठल्या बसने गेली ते कुणी पाहिलं नाही, आणि त्या सकाळी तिने काही खाल्लं होतं का, हे कुणी विचारलं नाही. नाव ठाऊक नसलं तरी चालेल. ज्याच्यापुढे हात जोडाल त्याला ते ठाऊक आहे. तुम्ही फक्त तिची आठवण ठेवा.